‘समकक्ष इंग्रजी नाव लिहा’ ही ओळ अर्जातून काढून टाका

प्रति,
विद्यापीठांचे प्रवेश विभाग, नोकरभरती करणारे मनुष्यबळ विभाग आणि भाषांतराची कामे वाटून देणाऱ्या संस्था

विषय : परदेशी पदव्यांची नावे इंग्रजीत देण्याची पद्धत

स. न. वि. वि.

तुमच्या सूचनापत्रकात साधारण अशी एक ओळ असते : ‘मूळ प्रमाणपत्र इंग्रजीत नसल्यास प्रमाणित भाषांतर जोडावे; भाषांतरात पदवीचे समकक्ष इंग्रजी नाव द्यावे.’ अर्धविरामापर्यंतचे आम्हा भाषांतरकारांना मान्य आहे. त्यापुढचे काढून टाका, एवढ्या मागणीसाठी हे पत्र.

कागदावर काय लिहिले आहे ते भाषांतरकार सांगू शकतो. त्या कागदाचे वजन किती, हे ठरवायला अभ्यासक्रमाची वर्षे, प्रवेशाची अट, संस्थेची मान्यता आणि त्या देशातली पदव्यांची उतरंड पाहावी लागते. ते मूल्यांकनाचे काम आहे आणि ते करणारी माणसे वेगळी असतात. युरोपात त्यासाठी देशोदेशी एनिक-नारिक केंद्रे आहेत, जर्मनीची ‘अनाबिन’ नावाची माहितीसूची कोणालाही उघडून बघता येते. तुमची ओळ ही दोन्ही कामे एकाच्याच गळ्यात घालते, तेही ज्याचे पैसे अर्जदार देतो त्याच्या. अर्जदाराला ‘मास्टर’ हवे असते. भाषांतरकाराने नाही म्हटले की तो तुमचेच सूचनापत्रक पुढे करतो. मग कोणीतरी ‘मास्टर’ लिहून देतो, तुम्ही ते खरे धरता आणि पुढचा घोळ सुरू होतो.

‘कांदिदात’ हा एकच शब्द जवळून बघा. स्वीडनमध्ये कांदिदात ही १८० क्रेडिटची, तीन वर्षांची पहिली पदवी. शेजारच्या डेन्मार्कमध्ये त्याच शब्दाची पदवी एक पायरी वरची, म्हणजे मास्टरच्या पातळीची. रशियात ‘कांदिदात नाउक’ ही प्रबंध लिहून, त्याचा जाहीर बचाव करून मिळणारी संशोधनाची पदवी, आणि मूल्यांकन करणारे ती सहसा पीएचडीच्या बरोबरीने धरतात. इंग्रजीत मात्र ‘पीएचडी कँडिडेट’ म्हणजे ज्याची पीएचडी अजून व्हायची आहे असा विद्यार्थी. आता रशियन पदवीचे भाषांतर नुसते ‘कँडिडेट ऑफ सायन्सेस’ असे केले, तर भरती विभागातला माणूस ‘अजून पूर्ण नाही’ असे समजून अर्ज बाजूला ठेवतो. सरळ ‘पीएचडी’ लिहिले तर दुसरी अडचण उभी राहते. रशियन उतरंडीत कांदिदातच्या वर ‘डॉक्टर नाउक’ अशी आणखी एक पदवी आहे. खालच्या पायरीला पीएचडी देऊन टाकल्यावर वरच्या पायरीला काय देणार? शिवाय पडताळणीसाठी तुम्ही मूळ संस्थेला विचारलेत, की उत्तर येते : आम्ही या व्यक्तीला पीएचडी दिलेली नाही. उत्तर अक्षरशः खरे असते आणि खोटेपणाचा शिक्का अर्जदारावर बसतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की मूळ नाव कागदावर राहिलेच पाहिजे. शब्दशः अर्थ त्याच्या सोबत जावा, त्याच्या जागी नव्हे.

जर्मन ‘डिप्लोम’चे हाल याहून वाईट. डिप्लोमा म्हटले की कानाला ‘पदविका’ ऐकू येते, पदवीपेक्षा कमी काहीतरी. इंग्रजी वाचणाऱ्याचेही तसेच होते. पण जर्मन विद्यापीठाचा जुना डिप्लोम म्हणजे चार ते पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम, शेवटी स्वतंत्र प्रबंध, आणि मध्ये बॅचलरची पायरीच नाही. त्याला ‘डिप्लोमा इन इंजिनिअरिंग’ म्हणणे म्हणजे माणसाला दोन जिने खाली ढकलणे. उलट बाजूने सरसकट ‘मास्टर ऑफ इंजिनिअरिंग’ लिहिणारेही चुकतात, कारण काही डिप्लोमांच्या नावापुढे कंसात ‘एफएच’ ही दोन अक्षरे असतात. फाखहोखशूल या प्रकारच्या, जास्त व्यवहारोपयोगी शिक्षण देणाऱ्या संस्थेतून ती पदवी मिळाली, असे ती सांगतात. टंकणारा ‘कसली तरी संक्षिप्त अक्षरे’ म्हणून ती गाळतो. हा सरळ ‘ध’चा ‘मा’ आहे.

त्या फाखहोखशूलचेही बघा. शब्द फोडला तर ‘होख’ म्हणजे उच्च आणि ‘शूल’ म्हणजे शाळा. घाईत केलेल्या भाषांतरात इंजिनिअर झालेला माणूस ‘टेक्निकल हायस्कूल’मधून बाहेर पडतो. डच ‘होखस्कूल’ आणि चेक ‘विसोका श्कोला’ यांची गत तीच. सगळ्या उच्च शिक्षणाच्या संस्था, आणि भाषांतरात सगळ्या माध्यमिक शाळा. म्हणूनच संस्थेचे नाव मूळ रूपात ठेवावे आणि ती संस्था स्वतः इंग्रजीत जे नाव वापरते ते पुढे द्यावे. जर्मनीतल्या या संस्था इंग्रजीत स्वतःला ‘युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस’ म्हणवतात. ते त्यांच्या संकेतस्थळावर सापडते, आपल्या मनाने बनवायची गरज नाही.

‘लायसन्स’च्या गोतावळ्यात तर कोण कोणाचा काका हे कळणे मुश्कील. फ्रान्सची ‘लिसांस’ तीन वर्षांची पहिली पदवी, पोलंडची ‘लित्सेन्त्स्यात’ही तशीच. तुर्कस्तानात ‘लिसान्स’ चार वर्षांची, तिच्या खाली दोन वर्षांची ‘ऑन लिसान्स’, आणि वर ‘युक्सेक लिसान्स’, शब्दशः ‘उच्च लायसन्स’, म्हणजे मास्टर. स्पेनची जुनी ‘लिसेंसियातुरा’ चार-पाच वर्षांची, आणि २०१४ च्या शाही आदेशानंतर पदव्यांच्या पातळ्या ठरवणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय चौकटीत तिला मास्टरच्या पातळीवर बसवण्याची सोय झाली. फिनलंडमध्ये ‘लिसेन्सिआत्ती’ मास्टर आणि डॉक्टरेट यांच्या मधली, पण वैद्यकशास्त्रात मात्र तेच नाव डॉक्टर होण्याच्या मूळ पदवीचे. आणि इंग्रजी वाचणारा काय समजतो? लायसन्स, म्हणजे परवाना! वैद्यकीय पदवी परवाना समजून नोंदवली जाते, मग ‘पदवी जोडलेली नाही’ असे पत्र जाते.

‘बाकालोरिआ’ फ्रान्समध्ये शाळा संपल्याची परीक्षा, क्वेबेकमध्ये विद्यापीठाची पहिली पदवी. स्पेनमध्ये ‘बाचियेरातो’ ही शाळेची शेवटची दोन वर्षे, पेरूमध्ये ‘बाचियेर’ विद्यापीठाची पदवी. ‘बॅचलर’शी नाते सांगणारा प्रत्येक शब्द बॅचलर नसतो आणि नेहमीच ‘नसतो’ असेही नाही. देश बघितल्याशिवाय काही कळत नाही.

देशाइतकेच वर्षही बघावे लागते, आणि भले भले घसरतात ते इथे. इटलीची ‘लाउरेआ’ घ्या. १९९९ च्या सुधारणेआधी हा अभ्यासक्रम विषयानुसार चार ते सहा वर्षांचा होता आणि त्यावर मास्टरची वेगळी पायरी नव्हती. सुधारणेनंतर तोच शब्द तीन वर्षांच्या पहिल्या पदवीला लागला आणि वरच्या दोन वर्षांना वेगळे नाव मिळाले, आधी ‘लाउरेआ स्पेचालिस्तिका’, २००४ च्या आदेशानंतर ‘लाउरेआ माजिस्त्राले’. म्हणजे १९९५ च्या लाउरेआला आजच्या तक्त्यावरून ‘बॅचलर’ लिहिणे हा अन्याय, आणि २०१० च्या लाउरेआला जुन्या सवयीने ‘मास्टर’ लिहिणे ही खैरात. त्यात आणखी एक गंमत अशी की लाउरेआ मिळालेल्याला इटलीत ‘दोत्तोरे’ म्हणतात. ते ‘डॉक्टर’ करून टाकलेली भाषांतरे सर्रास दिसतात. संशोधनाची डॉक्टरेट तिथे ‘दोत्तोरातो दी रिचेर्का’ या नावाने १९८० मध्ये आली, ती निराळी. फ्रान्सच्या जुन्या ‘मेत्रीज’चेही असेच : कानाला मास्टर वाटते, पण ती शालान्त परीक्षेनंतरच्या चौथ्या वर्षाअखेरची पदवी. पाचव्या वर्षाची वेगळी होती.

नावाआधीच्या संक्षेपांनी तर संगणकालाही फसवले आहे. डच ‘एम-आर’ म्हणजे ‘मेस्टर’, कायद्याची पदवी. अर्ज भरून घेणारी प्रणाली त्याचे ‘मिस्टर’ करते आणि पदवी गायब होते. धारक बाई असेल तर लिंगही बदलते. ‘डी-आर-एस’ म्हणजे ‘डॉक्टोरांडुस’, शब्दशः ‘जो डॉक्टर व्हायचा आहे तो’, प्रत्यक्षात जुनी मास्टरच्या पातळीची पदवी. त्यातला ‘एस’ गळाला की घरबसल्या डॉक्टरेट. ‘आय-आर’ हा विद्यापीठातून झालेला इंजिनिअर आणि ‘आय-एन-जी’ हा होखस्कूलमधून झालेला. एक-दोन अक्षरांनी पायरी बदलते. चेक देशात नावाआधी येणारे ‘पी-एच-डी-आर’ आणि नावानंतर येणारे ‘पी-एच-डी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मास्टरनंतर एक जादा परीक्षा देऊन मिळते, दुसरी संशोधनाची डॉक्टरेट. म्हणून संक्षेप कधीही मनाने उलगडू नये; कागदावर पूर्ण रूप नसेल तर संक्षेपच ठेवावा.

उलट्या दिशेची फसगतही होते. ब्राझीलमध्ये ‘एमबीए’ नावाचे बहुतेक अभ्यासक्रम ‘लातो सेन्सु’ या गटातले, किमान ३६० तासांचे विशेष प्रशिक्षण. मास्टरची पदवी ‘स्त्रिक्तो सेन्सु’ या दुसऱ्या गटात येते. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तरीही भाषांतरकाराने ‘एमबीए’ हे नाव बदलू नये, तो त्याचा अधिकार नाही. कागदावरचे ‘लातो सेन्सु’ हे दोन शब्द आणि तासांची संख्या मात्र त्याने गाळता कामा नये. तुमचा मूल्यांकन करणारा माणूस बाकीचे त्यावरून समजेल.

चीनची कागदपत्रे मागवताना आणखी एक काळजी घ्या. तिथे अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आणि पदवीचे प्रमाणपत्र हे दोन स्वतंत्र कागद असतात. पहिला मिळाला म्हणजे दुसरा मिळालाच असे नाही. ‘जुआनके’ या दोन-तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी जोडलेलीच नसते. दोन्ही कागदांना ‘डिग्री सर्टिफिकेट’ असे एकच इंग्रजी नाव देणे ही सर्वात जास्त आढळणारी चूक आहे, आणि ती नेहमी अनवधानाने झालेली असते असे आम्ही म्हणणार नाही.

गुणांबद्दल एकच वाक्य : ते जसेच्या तसे ठेवा, कारण जर्मन १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास, तर अमेरिकी पद्धतीत ४.० म्हणजे शिखर.

यावर तुमचा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. अर्ज छाननीला बसलेल्या माणसाला ‘मागिस्टर’ म्हणजे काय हे कळणार कसे? त्याला शंभर अर्ज संध्याकाळपर्यंत हातावेगळे करायचे असतात. आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर भाषांतरात शोधू नका. ‘मागिस्टर’ जर्मनीत आणि पोलंडमध्ये मास्टरच्या पातळीचा. स्वीडनमध्ये एका वर्षाचा, ६० क्रेडिटचा. जुन्या युगोस्लाव्हियात डिप्लोम आणि डॉक्टरेटच्या मधला संशोधनाचा. छाननी करणाऱ्याला देश, वर्ष आणि मूळ नाव असा तीन रकान्यांचा तक्ता एकदा करून दिला, की तो वर्षानुवर्षे चालतो. भाषांतरात समकक्ष नाव घातले तर तक्ता लावायला लागणारी मूळ खूणच पुसली जाते.

हे आमच्या डोक्यातून निघालेले खूळ नाही. युरोप परिषद आणि युनेस्को यांनी १९९७ मध्ये केलेल्या लिस्बन मान्यता करारासोबतच्या शिफारशींतही पदवीचे नाव मूळ भाषेत दिले जावे असेच म्हटले आहे. जर्मनीत नावाला परदेशी पदवी लावायची तर ती मिळाली त्याच रूपात, देणाऱ्या संस्थेच्या नावासह लावण्याचा सर्वसाधारण नियम आहे. लिपी वेगळी असेल तर लिप्यंतर चालते, कंसात शब्दशः भाषांतर जोडता येते, पण तिचे जर्मन पदवीत रूपांतर करता येत नाही. आणि युरोपातल्या ‘डिप्लोमा सप्लिमेंट’ या आठ विभागांच्या पुरवणीत तर पदवीचे मूळ भाषेतले नाव दुसऱ्या विभागाच्या पहिल्याच ओळीत मागितलेले असते.

ही पुरवणी तुम्ही अर्जदारांकडून आवर्जून मागावी. उच्च शिक्षणाची रचना एकमेकांशी जुळवून घेण्याच्या युरोपातल्या ‘बोलोन्या प्रक्रिये’तल्या देशांनी २००५ पासून उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला ती आपणहून आणि फुकट देण्याचे ठरवले होते. तिसऱ्या विभागात पदवीची पातळी आणि अधिकृत कालावधी, चौथ्यात विषय व गुण, आठव्यात त्या देशाच्या उच्च शिक्षणाचे वर्णन असते. विद्यापीठाने पदवीचे इंग्रजी नाव स्वतः छापले असेल तर ते अधिकृत समजावे आणि तेच अक्षरशः वापरावे, कितीही ओबडधोबड वाटले तरी. भाषांतरकाराने त्याला इस्त्री करू नये. मात्र आजचे अधिकृत इंग्रजी नाव वीस वर्षांपूर्वीच्या पदवीला मागे जाऊन चिकटवू नये. त्या काळच्या पदवीला बहुधा पुरवणीही नसते.

तर मग सूचनापत्रकात काय लिहावे? आमचा मसुदा असा :

‘पदवीचे नाव मूळ भाषेत व मूळ लिपीत, प्रमाणपत्रावर आहे तसेच द्यावे. लिपी रोमन नसल्यास त्याखाली रोमन लिप्यंतर द्यावे आणि कोणती लिप्यंतर पद्धत वापरली ते लिहावे. त्यानंतर चौकटी कंसात शब्दशः इंग्रजी अर्थ द्यावा. समकक्ष पदवीचे नाव देऊ नये. देश आणि पदवी मिळाल्याची तारीख स्पष्ट असावी. प्रत्येक मूळ कागदाचे भाषांतर स्वतंत्र असावे.’

कंसातला अर्थ इंग्रजीच्या लहान अक्षरांत लिहायला सांगा. मोठ्या अक्षराने सुरुवात केली की तो पदवीचे अधिकृत नाव असल्यासारखा दिसतो आणि पुढचा टंकणारा कंस उडवून तोच उचलतो. स्त्रीलिंगी रूप कागदावर असेल तर स्त्रीलिंगीच ठेवावे. रशियन कागदावर ‘स्पेत्सिआल्नोस्त’ म्हणजे अभ्यासाचा विषय आणि ‘क्वालिफिकात्सिया’ म्हणजे मिळालेली पात्रता अशा दोन नोंदी असतात. त्या एकत्र करू नयेत. बहिस्थ शिक्षणाची नोंद असेल तर तीही आली पाहिजे, ती हमखास गळते.

भाषांतरातली एक नोंद प्रत्यक्षात कशी दिसेल ते सांगतो. पहिल्या ओळीत रशियन लिपीत पदवीचे नाव. दुसऱ्या ओळीत रोमन अक्षरांत ‘कांदिदात तेखनिचेस्किख नाउक’. तिसऱ्या ओळीत चौकटी कंसात, लहान अक्षरांत, ‘तांत्रिक विज्ञानांचा कँडिडेट’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. पानाच्या तळाशी भाषांतरकाराची टीप, दोन वाक्यांची : ही प्रदान झालेली, पूर्ण पदवी आहे, समकक्षता या भाषांतरात ठरवलेली नाही. चार ओळींत काम होते. ‘पूर्ण पदवी आहे’ एवढ्या तीन शब्दांनी ‘कँडिडेट’चा गैरसमज टळतो, आणि तो टाळायला पीएचडीचा दाखला द्यावा लागत नाही.

तुमच्या ऑनलाइन अर्जातही एक दुरुस्ती हवी आहे. सध्या तिथे ‘बॅचलर, मास्टर, डॉक्टरेट, इतर’ अशी यादी उघडते. डिप्लोमवाला ‘मास्टर’ निवडतो, त्याच्या प्रमाणपत्रावर ‘डिप्लोम’ असते, भाषांतरात तिसरेच काही, आणि तीन कागदांवर तीन नावे दिसल्यावर पडताळणी करणारी संस्था ‘विसंगती’ असा शेरा मारते. त्याऐवजी दोन रकाने करा. एकात अर्जदार मूळ नाव लिहील. तो रकाना कुठलीही लिपी आणि अक्षरांवरची चिन्हे स्वीकारणारा, किमान दोनशे अक्षरे मावतील एवढा हवा, कारण काही देशांत विषयासकट पदवीचे नाव दोन ओळींचे असते. दुसरा रकाना ‘पातळी’चा, तो अर्जदाराला दिसू दे, पण भरायचा तुमच्या कार्यालयाने, मूल्यांकनाचा अहवाल हातात आल्यावर.

सूचनापत्रक बदलायला तुमच्याकडे समित्या बसतात, वेळ लागतो, हे आम्ही जाणतो. तोवर तुमच्याकडे येणाऱ्या आमच्या भाषांतरांत ‘समकक्ष इंग्रजी नाव’ या जागी ‘मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने भरावे’ एवढेच लिहिलेले असेल. तेवढ्यावरून अर्ज अपूर्ण ठरवून परत पाठवू नये, ही विनंती.

कळावे,

आपले,
पदवी-प्रमाणपत्रांची भाषांतरे करणारे भाषांतरकार